'मफल्ड' आवाजाला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

तळओळ (प्रश्न)

'मफल्ड' या इंग्रजी शब्दाला मराठीत एकच शब्द पुरेल का, की प्रसंगागणिक बदलावा लागेल? कर्णबधिर प्रेक्षकांसाठीच्या उपशीर्षकांत संवादाबरोबर आवाजाचं वर्णनही द्यावं लागतं आणि इंग्रजी मुळात हा शब्द सारखा येतो. बहुतेक ठिकाणी डोळे झाकून 'दबका आवाज' लिहिलं जातं. काही जागी ते चालून जातं, काही जागी सरळ चुकतं, पण का चुकतं ते नीट सांगता येत नाही.

एका मालिकेची उपशीर्षकं करताना अडलेल्या जागा अशा: शेजारच्या खोलीतून येणारे मफल्ड व्हॉइसेस. उशीवर पालथ्या पडलेल्या बाईचा मफल्ड सॉब. गालिच्यावरच्या मफल्ड फुटस्टेप्स. वरच्या मजल्यावर मफल्ड थड (जड काही पडल्याचा आवाज). स्फोटानंतर नायकाला सगळंच मफल्ड ऐकू येणं. आणि शेवटच्या भागात, अंत्यविधीच्या वेळी वाजणाऱ्या चर्चच्या मफल्ड बेल्स.

ओळीत जेमतेम ४०-४२ अक्षरं मावतात आणि ती वाचायला दोन-तीन सेकंद मिळतात. त्यामुळे लांब स्पष्टीकरण चालणार नाही.

---

शब्दखूण

'दबका' अडतो, कारण मराठीत दबकणं ही करणाऱ्याची कृती आहे. मांजर दबकत येते. चोर दबक्या पावलांनी जातो. आजाऱ्याच्या खोलीबाहेर माणसं दबक्या आवाजात बोलतात. या सगळ्यांत आवाज करणारा स्वतःहून आवाज खाली ठेवतो. इंग्रजीत त्याला 'हश्ड' म्हणतात. मफल्डमध्ये बोलणाऱ्याच्या मनाचा काही संबंध नसतो. तो घसा फोडून ओरडत असेल, पण मध्ये काहीतरी आडवं आलेलं आहे: दार, भिंत, उशी, रुमाल, हाताचा तळवा, बर्फ. म्हणून इंग्रजीत 'मफल्ड स्क्रीम' बिनदिक्कत लिहितात आणि 'दबकी किंकाळी' मराठीत उभीच राहत नाही. दबकून कोणी किंकाळी फोडत नाही.

शब्दाच्या मुळाशीही हेच आहे. मफल म्हणजे आधी गुंडाळणं, आवाजाचा अर्थ मागाहून आला. फ्रेंचमधला 'मूफ्ल' म्हणजे बोटं सुटी नसलेला जाड हातमोजा. थंडीत गळ्याभोवती घेतो तो मफलर याच कुळातला, आणि आपण गाडीचा सायलेन्सर म्हणतो त्याला अमेरिकेत मफलर म्हणतात. त्यामुळे 'मफल्ड फिगर' असं कुठे आलं तर तिथे आवाजाचा संबंधच नसतो. ती तोंड-अंग गुंडाळून घेतलेली व्यक्ती असते. तिचं 'अस्पष्ट आकृती' असं भाषांतर बऱ्याचदा दिसतं आणि ते चूक आहे.

आता मराठीत काय करायचं? माझं मत असं की विशेषण शोधतच बसू नये. मराठी वाक्य आडोशाचं नाव घेतं आणि त्याला 'आडून' किंवा 'पलीकडून' जोडतं, तिथेच मफल्ड येऊन जातं. 'दाराआडून बोलण्याचा आवाज' म्हटलं की तो कसा ऐकू येत असेल हे वाचणाऱ्याला आपोआप कळतं. बाईचा सॉब: 'उशीत तोंड खुपसून हुंदके'. यात एकही ध्वनिविशेषण नाही आणि काहीच राहूनही गेलं नाही. 'मफल्ड लाफ्टर' हातामागचं असेल तर 'तोंड दाबून हसणं', भिंतीमागचं असेल तर 'पलीकडून हसण्याचा आवाज'. 'ही मफल्ड द फोन' म्हणजे त्याने रिसीव्हरवर हात ठेवला, बस.

विशेषण लागणारच असेल, म्हणजे आडोसा पडद्यावर दिसत नाही किंवा लेखकाला तो सांगायचा नाही, तर माझी पसंती 'कोंडलेला' या शब्दाला. गाणं शिकवताना 'आवाज मोकळा सोडा' म्हणतात ना, त्याच्या बरोबर उलटा. तोंडात बोळा कोंबलेल्या माणसाच्या ओरडण्याला मात्र 'घुसमटलेली किंकाळी'. तिथे श्वासही कोंडलेला असतो, आणि 'घुसमट' या शब्दात तो श्वास येतो.

शेजारचे शब्द वेगळे ठेवा, कारण मूळ लेखक ते वेगळे ठेवतो. 'स्टायफल्ड' म्हणजे स्वतःच आवरलेलं: आवरलेली जांभई, दाबलेलं हसू. 'मम्बल्ड' म्हणजे पुटपुटलेलं, दोष तोंडाचा. 'होर्स' म्हणजे घोगरा किंवा बसलेला, दोष घशाचा. 'चोक्ड' म्हणजे कंठ दाटून आलेला. 'डल' म्हणजे बद्द, फुटकं मडकं वाजतं तसा. मफल्डमध्ये मूळ आवाज ठणठणीत असतो, तो वाटेत बिघडतो.

---

खर्जपंचम

वरच्या उत्तरात ध्वनीच्या बाजूची भर घालतो, कारण 'दबका' का चुकतो याचं उत्तर तिथेही आहे. मफल्ड म्हणजे कमी आवाज नव्हे. त्यातला वरचा भाग गेलेला असतो.

कोणत्याही साध्या भिंतीतून किंवा दारातून आवाज जाताना खालचे सूर सहज पार होतात, वरचे अडतात. ढोबळ नियम असा की वारंवारता दुप्पट झाली की भिंत सुमारे ६ डेसिबल जास्त अडवते. १२५ हर्ट्झपासून ४००० हर्ट्झपर्यंत पाच सप्तकं होतात, म्हणजे हिशेबाने ३० डेसिबलचा फरक. प्रत्यक्ष भिंतींत हा आकडा इकडेतिकडे होतो, दाराखालची फट तर सगळा हिशेब बिघडवते, पण कल असाच राहतो. म्हणून चार घरं सोडून लागलेल्या डीजेचा नुसता धम्-धम् पोचतो आणि गाणं कुठलं ते कळत नाही.

बोलण्यात याचा फटका व्यंजनांना बसतो. स्वरांचं बळ खाली, साधारण ३००० हर्ट्झच्या आत असतं. स, श, च, फ, त यांची ओळख पटवणारा भाग त्याच्या वर, 'स'चा तर ४००० ते ८००० हर्ट्झमध्ये. भिंतीपलीकडून कोणी 'साप', 'ताप', 'चाप' म्हटलं तर तिन्हींतला 'आ' तेवढा स्पष्ट येतो. सुरुवातीचं व्यंजन गळून पडतं. बोलणारा बाई की बुवा, चिडलेला की शांत, हे सगळं कळतं, कारण ते सुरात आणि चढउतारात असतं. शब्द तेवढे कळत नाहीत. 'ऐकू येतं पण कळत नाही' ही मराठीतली मफल्डची सर्वांत नेमकी व्याख्या. म्हणून उपशीर्षकात 'अस्पष्ट' हा शब्द 'दबका'पेक्षा खरा आहे.

श्राव्यनाट्य किंवा पॉडकास्टसाठी हा परिणाम तयार करायचा असेल तर सर्रास होणारी चूक म्हणजे नुसता आवाज कमी करणं. तसं केलं की माणूस दाराआड जात नाही, लांब जातो. पद्धत अशी: मूळ संवाद कोरडा, जवळून घेतलेला ठेवा. त्यावर आधी आतल्या खोलीची थोडी घुमार द्या, मग लो-पास फिल्टर (वरचे सूर कापणारा) लावा. घुमारही फिल्टरमधून गेली पाहिजे. ती फिल्टरविना राहिली तर श्रोत्याच्या खोलीत ऐकू येते आणि दार नाहीसं होतं. बंद लाकडी दारासाठी फिल्टर ६०० ते ८०० हर्ट्झला, उतार सप्तकाला १२ ते २४ डेसिबल. तोंडावर हात असेल तर १००० ते १५०० हर्ट्झ पुरे, नाहीतर शब्दच मरतात. त्यानंतर पातळी ६ ते १० डेसिबल खाली घ्या. दार उघडण्याच्या क्षणी फिल्टर पाव सेकंदात पूर्ण मोकळा करा आणि त्याच पाव सेकंदात पातळी वर आणा. कडीचा आवाज त्याच्या किंचित आधी ठेवा. एवढ्याने कान फसतो.

टेलिफोनचा आवाज मात्र मफल्ड नाही, हे ध्यानात ठेवा. जुन्या फोनची वाट ३०० ते ३४०० हर्ट्झची. तिथे वरचं जातं तसं खालचंही जातं, म्हणून तो आवाज पातळ येतो, डब्यातून आल्यासारखा. त्याला इंग्रजीत 'टिनी' म्हणतात.

आणि हा शब्द आज सर्वांत जास्त दिसतो तो तक्रारींत: 'माझा आवाज मफल्ड येतोय'. कारणं ठरलेली असतात. कॉलर माइक कपड्याच्या दोन थरांखाली गेलेला, फोनच्या माइकच्या भोकात धूळ, किंवा फोनच्या कव्हरने ते भोक अर्धं झाकलेलं. कॉलर माइक हनुवटीखाली १५ ते २० सेंटिमीटरवर, उघड्यावर लावावा. भोक कोरड्या मऊ ब्रशने साफ करावं. टाचणी घालू नये, आतली जाळी फाटते. ब्लूटूथ हेडफोनवर गाणी स्वच्छ येतात आणि कॉल सुरू होताच सगळं कोंडतं, त्यात हेडफोन बिघडलेला नसतो. माइक चालू झाला की जोडणी हँड्सफ्री पद्धतीवर जाते आणि जुन्या प्रकारात आवाजाचे नमुने सेकंदाला फक्त ८००० घेतले जातात, म्हणजे ४००० हर्ट्झच्या वरचं काहीच उरत नाही. नव्या प्रकारात १६००० नमुने असतात, थोडं बरं ऐकू येतं. उपाय साधा आहे. ऐकायला हेडफोन ठेवा आणि माइक म्हणून लॅपटॉपचा किंवा वेगळा तारेचा माइक निवडा.

आधीच मफल्ड झालेलं ध्वनिमुद्रण सुधारायचं तर आधी २०० ते ५०० हर्ट्झमधून २ ते ४ डेसिबल काढा, मग ४००० च्या वर ३ ते ६ डेसिबल चढवा. उलट क्रमाने गेलात तर ट्रेबल वाढवत बसाल आणि हाती फक्त सुसकारा येईल. मुळात मुद्रितच न झालेलं व्यंजन मात्र कोणत्याही बटणाने परत येत नाही.

---

तळओळ

'आडून' आणि 'ऐकू येतं पण कळत नाही' यांनी पहिल्या दोन जागा सुटल्या. पावलं, थड, स्फोटानंतरचं ऐकू येणं आणि घंटा या चार राहिल्या. स्फोटाच्या प्रसंगात आडोसा बाहेर नाहीच, तो नायकाच्या कानात आहे. तिथे 'आडून' कसं लावणार?

---

दडा

तिथे मराठीकडे इंग्रजीपेक्षा चांगला शब्द आहे: कानाला दडे बसणे. घाटात गाडी चढताना, विमान उतरताना, सर्दीत, मोठ्या बारानंतर, सगळीकडे लोक हेच म्हणतात. 'कानाला दडे, सगळं अस्पष्ट' ही ओळ आरामात बसेल. स्फोटानंतर बहुधा बारीक शिट्टीही वाजत असते. ध्वनिपट्टीत ती असेल तर 'कानात शिट्टी' वेगळी लिहा. ती मफल्डचा भाग नाही.

वैद्यकीय मजकुरात हा शब्द चार ठिकाणी येतो आणि प्रत्येक ठिकाणी अर्थ बदलतो, तेव्हा भाषांतर करणाऱ्यांनी जपून.

पहिलं, रक्तदाब. निकोलाय कोरोत्कोव्ह या रशियन शल्यवैद्याने १९०५ मध्ये स्टेथोस्कोप लावून रक्तदाब मोजायची पद्धत मांडली. त्यात पाच टप्पे मानतात. पट्टा नाडी लागेनाशी होते त्याच्या २० ते ३० मिलिमीटर वर फुगवून सेकंदाला २-३ मिलिमीटरने सोडत आणायचा. पहिला ठोका ऐकू आला तो वरचा आकडा. पुढे चौथ्या टप्प्याला इंग्रजीत 'मफलिंग' म्हणतात आणि पाचव्याला आवाज पूर्ण थांबतो. प्रौढांत खालचा आकडा पाचव्या टप्प्याचा धरतात. काही गरोदर स्त्रियांत आणि महारोहिणीची झडप गळत असलेल्या रुग्णांत आवाज शून्यापर्यंत चालूच राहतो, तेव्हा चौथा टप्पा नोंदवतात. इथे 'आवाज मंद होतो' असं लिहिलं तर शिकणारी मुलं आवाज हळू होण्याची वाट पाहत बसतात आणि आकडा चुकतो. ठोक्याची धार जाते, टक्-टक्चं एकाएकी धुप्-धुप् होतं. 'ठोका बद्द होतो' असं लिहावं.

दुसरं, हृदयाचे मफल्ड आवाज. हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी किंवा रक्त साठून हृदय दाबलं जातं, तेव्हा उतरलेला रक्तदाब, मानेच्या फुगलेल्या शिरा आणि हे आवाज अशी तीन लक्षणं मिळून सांगतात. अमेरिकन शल्यवैद्य क्लॉड बेक यांच्या नावाने ती ओळखली जातात. इथला आडोसा म्हणजे तो द्रव. 'क्षीण' लिहिलं तर वाचणाऱ्याला हृदय कमजोर वाटतं. 'दुरून आल्यासारखे' लिहावं.

तिसरं, मफल्ड व्हॉइस. टॉन्सिलच्या मागे पू झाला की रुग्ण तोंडात गरम घास धरून बोलल्यासारखा बोलतो. याचं 'आवाज बसला' असं भाषांतर धोक्याचं आहे. बसलेल्या आवाजावर घरी गुळण्या करून चालतं. हा आवाज असेल, सोबत ताप असेल, तोंड उघडत नसेल, लाळ गिळता येत नसेल, तर ताबडतोब रुग्णालय.

चौथं, रुग्ण स्वतः सांगतो तो दडा. दोन्ही कानांचा, सर्दीतला किंवा घाटातला दडा बहुधा आपोआप सुटतो. एकाच कानाला अचानक दडा बसून ऐकू कमी आलं तर मळ समजून तेल घालत बसू नये. ओठ मिटून 'म्म्' असं गुणगुणावं. गुणगुण दडा बसलेल्या कानात मोठी वाटली तर अडथळा बाहेरचा किंवा मधला, म्हणजे मळ किंवा पाणी असण्याची शक्यता जास्त. चांगल्या कानात मोठी वाटली तर आतल्या नसेचं दुखणं असू शकतं आणि त्यात उपचार लवकर सुरू होण्याला फार महत्त्व असतं. ही घरगुती खूण आहे, निदान नव्हे. कोणतंही उत्तर आलं तरी एक-दोन दिवसांत कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावं. आणि कापसाची काडी नको, ती मळ आत ढकलते.

---

टोल

घंटांपुरतं लिहितो, कारण तिथे मफल्ड हा तांत्रिक शब्द आहे आणि 'अस्पष्ट घंटानाद' लिहिलं तर अर्थ पुसला जातो.

इंग्लंडमधल्या चर्चांत घंटा दोरीने पूर्ण गोल फिरवून वाजवतात. एका फेरीत लोलक एका बाजूला आदळतो आणि पुढच्या, उलट्या फेरीत दुसऱ्या बाजूला. दुःखाच्या प्रसंगी लोलकाच्या एका अंगाला चामड्याची गादी पट्ट्याने आवळून बांधतात. मग एक टोल खणखणीत पडतो आणि पाठोपाठचा त्याचा प्रतिध्वनी असल्यासारखा, खोलातून येतो. याला 'हाफ मफल्ड' म्हणतात. नोव्हेंबरातल्या युद्धस्मृतीच्या रविवारी आणि अंत्यविधींना हीच पद्धत. दोन्ही अंगांना गाद्या बांधणं फार क्वचित होतं, जसं राजा किंवा राणी गेल्यावर. सप्टेंबर २०२२ मध्ये दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या निधनानंतर अनेक चर्चांत तशा घंटा वाजल्या. गादी सैल बांधली तर ती लोलकावर फिरते आणि मधेच एखादा टोल उघडा पडतो, म्हणून वाजवण्याआधी प्रत्येक पट्टा हाताने ओढून बघतात.

उपशीर्षकासाठी: 'शोकाच्या घंटा, लोलकाला चामडं'. ३० अक्षरांच्या आत बसते. जागा नसेल तर 'शोकाच्या घंटा' पुरे. प्रेक्षकाला तिथे आवाजाच्या पोतापेक्षा त्याचं कारण कळणं जास्त गरजेचं आहे.

लष्करी अंत्ययात्रेतला 'मफल्ड ड्रम' असाच. त्यावर काळं कापड घालतात आणि स्नेअर ड्रम असेल तर तळाच्या तारा सैल सोडतात, म्हणजे तडतड जाऊन नुसता ठोका उरतो. 'काळ्या कापडाखालचा ढोल' म्हणा. रात्री गुपचूप होडी नेताना वल्ही 'मफल' करतात, म्हणजे वल्हं टेकतं त्या खाचेत फडकी गुंडाळतात, कुरकुर होऊ नये म्हणून. तिथे मराठीत 'वल्ह्यांना फडकी गुंडाळून' एवढंच.

---

शब्दखूण

राहिलेल्या दोन.

थड. मराठीत इथे विशेषण लावायची गरजच नसते, अनुकरणवाचक शब्द आपला आडोसा घेऊनच येतो. तांब्या फरशीवर पडला तर ठण्ण. गाठोडं गादीवर पडलं तर धप्. वरच्या मजल्यावर जड काही पडलं आणि मध्ये स्लॅब आहे, तर धप्प किंवा धुम्म. 'वरून धप्प!' झालं. त्याला 'दबका धप्प आवाज' लिहिणं म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगणं. विहिरीच्या सुरुंगावर पोती टाकून उडवलेला बार असाच 'धुम्म' येतो, उघड्यावरचा 'धडाम'. मोठ्या स्फोटाच्या बातमीतही हा फरक ठेवता येतो.

पावलं. इथे 'दबकी पावलं' हा सापळा आहे आणि बहुतेक भाषांतरं त्यात पडतात. मूळ प्रसंगात घरमालक आपल्याच घरात गालिच्यावरून निवांत चालत असतो आणि मराठीत तो चोर होऊन बसतो. 'गालिच्यावर पावलं' लिहा. रहस्यकथेत हा फरक फार महागात पडतो, कारण कोण लपतंय आणि कोण नाही यावरच सगळी कथा उभी असते.

एक राहिलंच. बर्फाळ दृश्यात 'द वर्ल्ड वॉज मफल्ड' येईल. ताज्या भुसभुशीत बर्फातल्या हवेच्या पोकळ्या आवाज शोषून घेतात, म्हणून तिथे 'आडून' बसत नाही. 'बर्फाने आवाज पिऊन टाकले होते' असं म्हणता येईल. निवेदनात हे सुंदर बसतं. उपशीर्षकात नुसतं 'बर्फातली शांतता' द्या.

---

तळओळ

पावलांची चूक आधीच्या दोन भागांत गेलेली आहे, ती आज दुरुस्त होईल. 'दडे' पुण्या-मुंबईबाहेर, विदर्भ-मराठवाड्यातही सहज कळेल ना?

---

दडा

उच्चार आणि वचन थोडं बदलतं, कोणी 'दडा बसला' म्हणतं, कोणी 'दडे बसले'. काही जण नुसतं 'कान बंद झाले' म्हणतात. शंका असेल तर 'कान बंद, सगळं अस्पष्ट' लिहा. ती ओळ कुठेही अडणार नाही आणि थोडी जागाही वाचेल.